भार नसला की पाय विसरतात

मार्च २०२५ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर हे अंतराळवीर पृथ्वीवर परतले. गेले होते साधारण आठ दिवसांसाठी, पण यानात बिघाड झाला आणि मुक्काम २८६ दिवसांचा झाला. दोघांना यानातून बाहेर काढून स्ट्रेचरवर नेताना साऱ्या जगाने पाहिले. वस्तीतल्या बायांनी आम्हाला विचारले, "ताई, त्या आजारी पडल्या का हो?" तर नाही. इतके दिवस राहून आलेल्यांना असेच नेतात. का, ते समजून घेऊ.

अंतराळस्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरते. गुरुत्वाकर्षण तिथेही असते. पण स्थानक आणि आतली माणसे सतत एकत्र पडत असतात, दोर तुटलेल्या लिफ्टसारखी. म्हणून शरीराला स्वतःचे वजन जाणवत नाही.

इथे आपण नुसते नळावर रांगेत उभे राहिलो तरी पोटऱ्या, मांड्या आणि पाठ राबत असतात. तिथे त्यांना कामच उरत नाही. शरीर मोठे काटकसरी आहे. जे वापरात नाही ते पोसत नाही. काही आठवड्यांतच स्नायू बारीक होऊ लागतात. व्यायाम केला नाही तर कंबरेच्या हाडांतूनही महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का भरणा कमी होतो.

दुसरी गोष्ट प्रतिक्षिप्त क्रियेची, म्हणजे विचार करण्याआधीच शरीर जे करते त्याची. जिन्याची पायरी चुकली की पाय टेकण्याआधीच पोटरी आवळते. ही सूचना कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाकडून येते. तिथल्या बारीक खड्यांच्या वजनावरून मेंदूला वर-खाली कळते. अंतराळात खड्यांना वजनच नाही, म्हणून मेंदू त्या सूचनेकडे दुर्लक्ष करायला शिकतो. १९८३ च्या स्पेसलॅब मोहिमेत हे तपासले, तेव्हा पडताना पोटरीने घ्यायची ही तयारी काही दिवसांतच मंदावलेली दिसली. परतल्यावर मग माणूस पाय फाकवून चालतो, वळताना झोकांड्या खातो, उभे राहिले की घेरी येते.

उपाय आहे का? आहे. १९७० मध्ये सोयूझ-९ यानातून दोन रशियन अंतराळवीर १८ दिवस राहून आले. व्यायाम फारच थोडा झाला होता. उतरल्यावर त्यांना धड चालता येईना. पुढे १९९४-९५ मध्ये वालेरी पोल्याकोव्ह सलग ४३७ दिवस राहिले. रोज नेमाने व्यायाम केला आणि उतरल्यावर काही पावले स्वतः चालले. आज स्थानकावर रोज सुमारे दोन तास व्यायामासाठी ठेवलेले असतात. धावताना पट्ट्यांनी अंग खाली ओढून धरतात. वजने तिथे हलकी, म्हणून ओढायला जोर लागेल असे यंत्र वापरतात.

आता हे आपल्या घरात आणू. अंतराळातला हा परिणाम अभ्यासण्यासाठी शास्त्रज्ञ धडधाकट माणसांना डोक्याची बाजू ६ अंश खाली करून कित्येक आठवडे खाटेवर निजवून ठेवतात. त्यांचेही पाय असेच बारीक होतात. मग दुखणे सरल्यावरही महिना-महिना पडून राहिलेल्या आपल्या आजीचे काय होत असेल?

वॉर्डात आम्ही हे फार पाहिले. घरचे मायेने म्हणतात, "उठू नको, आम्ही देतो." आणि पहिल्यांदा संडासला उठताना म्हातारी पडते.

म्हणून डॉक्टरांना विचारा, "हिला किती हालचाल चालेल?" परवानगी असेल तर घोटे वर-खाली करायला लावा. उठवताना आधी खाटेच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटे बसवा, मग धरून उभे करा. घेरी आली तर लगेच बसवा. रोज दोन पावले वाढवा.

पायांना भार हवा. तोच त्यांचा खुराक.