एकच आज्ञा, दोन अर्थ

प्रयोगशाळेची सारी निरीक्षणे एकाच संगणकात ठेवणे म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर एकाच प्रतीत ठेवण्यासारखे आहे. म्हणून आम्ही रोज रात्री त्यांची प्रत दुसऱ्या संगणकावर पाठवतो. हे काम आज्ञांची एक यादी, म्हणजे स्क्रिप्ट, करते. जुन्या प्रती पुसण्याचे कामही तिचेच. आमचा पहिला संगणक लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतो, दुसरा फ्रीबीएसडीवर. आणि स्क्रिप्ट दोन्हीकडे चालायला हवी.

दोन्हीकडे फाइली सांभाळणारी व्यवस्था एकच आहे: झेडएफएस. सन मायक्रोसिस्टिम्सने ती सोलॅरिससाठी घडवली व २००५ मध्ये तिची मूळ संहिता खुली केली. २००८ च्या फ्रीबीएसडी ७.० मध्ये ती आली, पुढे लिनक्सवरही उतरली. २०२० च्या ओपनझेडएफएस २.० पासून या दोघांसाठी संहिता एकच आहे.

झेडएफएस जुने खोडून त्यावर लिहीत नाही. बदललेला मजकूर नव्या जागी लिहिते. त्यामुळे एखाद्या क्षणाची स्थिती ‘स्नॅपशॉट’ म्हणून जपणे अगदी स्वस्तात होते. शिवाय माहितीचा प्रत्येक ठोकळा कोणत्या फेरीत लिहिला, तो क्रमांक नोंदलेला असतो. कालच्या व आजच्या स्नॅपशॉटमधला फरक पाठवताना सगळ्या फाइली ताडून पाहाव्या लागत नाहीत. कालच्या क्रमांकानंतर जन्मलेले ठोकळे तेवढे निवडायचे. मात्र कालचा स्नॅपशॉट दोन्हीकडे शाबूत हवा. तो गेला, आणि त्याआधीचाही एखादा दोघांकडे नसला, तर सारे पहिल्यापासून पाठवावे लागते.

अडते ते भोवतालच्या किरकोळ आज्ञांपाशी. दोन्ही प्रणाली युनिक्सच्या घराण्यातल्या. पण चुलत बहिणींच्या स्वयंपाकघरांत मिठाचा डबा एकाच फळीवर असतो थोडाच! ‘बॅश’ हा आज्ञा वाचणारा प्रोग्राम फ्रीबीएसडीवर निराळ्या ठिकाणी असतो. तो सापडला नाही तर स्क्रिप्ट सुरूच होत नाही. हा दोष परवडतो, कारण तो लगेच दिसतो.

‘डेट’ या आज्ञेचे तसे नाही. तीस दिवसांपूर्वीची वेळ काढायला लिनक्सवर तिला ‘डी’ हा पर्याय देतात, फ्रीबीएसडीवर ‘व्ही’. ‘आर’ दोन्हीकडे आहे, पण फ्रीबीएसडीवर त्याला सेकंदांचा आकडा चालतो, तर लिनक्सवर फाइलचे नावच लागते. पर्याय चुकला की उत्तराची जागा रिकामी राहते. आता स्क्रिप्टमध्ये ‘तीस दिवसांच्या आतला असेल तर ठेव, नाहीतर पूस’ असे लिहिले असेल तर? रिकाम्या जागेशी आकड्याची तुलना होत नाही, अट खोटी ठरते, आणि सगळेच स्नॅपशॉट पुसले जातात. कालचासुद्धा.

कार्यप्रणालीचे नाव विचारून प्रत्येकीसाठी वेगळी ‘डेट’ लिहिण्याचा मार्ग आम्हाला फारसा पटत नाही. नवी प्रणाली आली की नवी फांदी. त्यापेक्षा तारीख टाळावी. १ जानेवारी १९७० पासून आतापर्यंतचे सेकंद दोन्हीकडची ‘डेट’ सारख्याच रीतीने सांगते. त्यातून ३० × ८६,४०० म्हणजे २५,९२,००० वजा करावेत. स्नॅपशॉट कधी घेतला तेही झेडएफएस, ‘पी’ पर्याय दिल्यास, सेकंदांतच सांगते. राहिली ती साधी वजाबाकी. अटही उलटी लिहावी: जुना असल्याचे सिद्ध झाले तरच पूस. आणि आकडा रिकामा आला तर तिथेच थांब.

झेडएफएसच्या पुसण्याच्या आज्ञेला ‘एन’ आणि ‘व्ही’ ही अक्षरे जोडली की काय पुसले जाईल ते कळते, पुसले मात्र काहीच जात नाही. ही रंगीत तालीम दोन्ही संगणकांवर घ्यावी, आणि कालचा स्नॅपशॉट त्या यादीत नाही ना, हे डोळ्यांनी पाहूनच ‘एन’ काढावा.