परसातले डुक्कर

एप्रिल-मेच्या उन्हात गोव्यातल्या वास्कोच्या बाजारात चोरिसांच्या लालभडक माळा लोंबू लागतात. मीठ, मिरची, लसूण आणि माडाचा विनेगार यांत मुरवलेले डुकराचे मांस आतड्यात भरायचे, दोऱ्याने गाठी मारायच्या, उन्हात वाळवायचे आणि चुलीवरच्या धुरात टांगायचे. पावसात होड्या किनाऱ्याला लागल्या आणि ताजे मासे मिळेनासे झाले की ही माळ उपयोगी पडते. म्हणून पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या खरेदीत तिला पक्की जागा आहे.

डुक्कर पाळण्याची चाल मात्र गोव्यात सगळीकडे सारखी नाही. तिसवाडी, बार्देस, साष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेले मुलूख, सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांच्या हाती गेल्या. वास्को ज्या मुरगावात आहे, तेही पूर्वी साष्टीतच मोडे. या सगळ्या भागांतल्या ख्रिस्ती घरांच्या परसात डुक्कर असायचेच. पेडणे आणि डिचोली पोर्तुगिजांकडे गेले ते थेट अठराव्या शतकाच्या अखेरीस. हिंदू वस्तीच्या या भागात शेतकरी डुकराचे नाव काढतो ते बहुधा एका रात्रीत उभे शेत उकरून टाकणाऱ्या रानडुकरामुळे.

परसातल्या डुकराला वेगळा खुराक लागत नसे. उरलेली पेज, भाताचा कोंडा, माशांची डोकी, फणसाची चारखंडे असे काहीही त्याला चाले. मादी ११४ दिवसांत, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांत विते. पिल्लू वाढवायचे आणि लग्नाला किंवा फेस्ताला कापायचे, नाहीतर अडीनडीला विकायचे. गरीब घराची ती चालतीबोलती पुंजी होती. काळीज, यकृत यांसकट सोरपोतेल होई. लैतांव, म्हणजे अख्खे भाजलेले पिल्लू, मोठ्या समारंभाचे पक्वान्न. ही नावे पोर्तुगीज, पण त्यांतला आंबटपणा इथल्या माडाचा.

डुकरावर असा जीव लावणारी माणसे पॅसिफिक बेटांवरही आहेत. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी लापिता दर्यावर्दींनी होड्यांतून डुकरे पूर्वेकडच्या बेटांवर नेली. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात आजही वधूमूल्य आणि भांडणाची भरपाई डुकरांत मोजतात. वानुआतूत नराचे वरचे सुळे काढतात, म्हणजे खालचे गोल वळत वाढतात. असा वळलेला सुळा त्या देशाच्या ध्वजावर आहे.

गोव्यातल्या जुन्या पद्धतीची एक बाजू मात्र घातक होती. कित्येक घरांचा संडास डुकरांकडे उघडा असे आणि मैला तीच साफ करत. त्यातून पट्टकृमीचे चक्र चालते. माणसाच्या विष्ठेतली अंडी डुकराच्या पोटात जातात, त्याच्या मांसात गाठी होतात आणि ते कच्चे राहिलेले मांस खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी वाढतो. हीच अंडी अस्वच्छ हातांवाटे माणसाच्या पोटात गेली तर गाठी मेंदूत होऊन झटके येऊ शकतात. बंद शौचालय, कुंपण घातलेला गोठा आणि नीट शिजवलेले मांस एवढ्याने हे चक्र तुटते.

त्या परसांत तयार झालेला वाण मात्र जपण्याजोगा आहे. काणकोणच्या आगोंद गावावरून नाव पडलेले ‘आगोंद गोवन’ हे काळे, काटक डुक्कर देशी वाण म्हणून अधिकृतपणे नोंदले गेले आहे. उष्ण, दमट किनाऱ्यावर साध्या खाद्यावर तगणे हा त्याचा गुण. जुन्या गोव्यातली केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था या वाणावर काम करते.

आता काळजी आहे ती आफ्रिकन स्वाइन फीवरची. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात तो भारतात प्रथम आढळला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांचे कळपच्या कळप संपवतो आणि त्यावर औषध नाही. डुकराचे मांस पडलेले उष्टे-खरकटे न उकळता घातले तर त्यातूनही तो पसरतो. म्हणून वास्कोजवळच्या हॉटेलांतून खरकट्याच्या बादल्या आणून डुकरे पाळणाऱ्याने आधी मोठे भांडे चुलीवर चढवायला हवे. खरकटे चांगले उकळून, निवल्यावरच गोठ्यात ओतायचे. मेमध्ये वाळणारी चोरिसांची माळ या चुलीपाशीच सुरू होते.