यंत्र तपासील, पण पारखील कोण?

विद्यार्थ्याने लिहिलेला प्रोग्राम संगणकानेच तपासावा, ही कल्पना आजची नव्हे. अमेरिकेतील रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमधील अशा परीक्षक-प्रोग्रामची माहिती जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी १९६० साली प्रसिद्ध केली. तेव्हा विद्यार्थी छिद्रांकित पत्त्यांवर प्रोग्राम लिहीत. आज एनपीटीईएलच्या प्रोग्रामिंग अभ्यासक्रमांत पाठविलेला प्रोग्राम ठरावीक चाचण्यांवर चालवून लगेच निकाल मिळतो. जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्यालाही हे दार खुले आहे. प्रश्न असा की, आपल्या महाविद्यालयांनी या साधनाचा उपयोग कसा करावा?

‘डेटा स्ट्रक्चर्स’ हा विषय या दृष्टीने उद्बोधक आहे. लिंक्ड लिस्ट उलटी करण्याचा प्रोग्राम घ्या. यादी रिकामी असेल तर काय, तीत एकच घटक असेल तर काय, हे यंत्र क्षणात तपासते. चाळीस-पन्नास जर्नले चाळून थकलेल्या परीक्षकाच्या नजरेतून नेमकी हीच चूक निसटते. शिवाय यंत्राला विद्यार्थ्याचे गाव ठाऊक नसते आणि आडनावही.

परंतु यंत्र पाहते ते केवळ उत्तर. एखाद्याने लिस्टला हातही न लावता आकडे साध्या अ‍ॅरेत भरून उलट्या क्रमाने छापले, तर चाचणी त्यालाही पूर्ण गुण देते. उलटपक्षी, ज्याने दुवे अचूक फिरविले, पण छापताना एक शब्द अधिक लिहिला, त्याच्या पदरी शून्य पडते. पहिल्याला विषय समजला नाही आणि दुसऱ्याला तो समजला होता, हे सांगणार कोण? मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला तर पडद्यावरचा त्रोटक इंग्रजी शेरा अनेकदा उमगतच नाही. तो चूक शोधण्याऐवजी मित्राचा प्रोग्राम उतरवून घेतो.

म्हणून कामाची वाटणी व्हावी. सरावाची तपासणी खुशाल यंत्राकडे द्यावी. मात्र वाचलेला वेळ अध्यापकाने तोंडी परीक्षेला द्यावा. ‘हा दुवा आधी तोडला असता तर काय झाले असते?’ एवढा एकच प्रश्न, तोही मराठीत, पुरेसा असतो. वाचलेल्या वेळेच्या नावाखाली अध्यापकांची पदेच कमी करण्याचा मोह मात्र संस्थाचालकांनी टाळावा.

१९९० साली जळगावी स्थापन झालेल्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव दिले गेले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे ज्ञान बोलण्यातून प्रकटले. त्या नावाच्या विद्यापीठात तरी विद्यार्थ्याचे बोलणे ऐकून घेणारा परीक्षक असावा, ही अपेक्षा अवास्तव नव्हे.