चीजला तेल का सुटते?

सोलापुरी शेंगाचटणी तुमच्या परिचयाची आहेच. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरे आणि मीठ उखळात घालून कुटत राहिले की काही वेळाने चटणीला तेल सुटते. तेल सुटले म्हणजे चटणी जमली, असे आपण समजतो.

आता दुसरा पदार्थ घेऊ. वाढदिवसाला किंवा मित्रमंडळींच्या मेजवानीला हल्ली 'डिप' नावाचा एक प्रकार केला जातो. दूध, चीज, पालक आणि मक्याचे दाणे एकत्र शिजवून दाटसर, गरम मिश्रण तयार करतात. ते मधोमध ठेवायचे आणि गाजराचे किंवा भाजलेल्या पावाचे तुकडे त्यात बुडवून खायचे. सोलापुरात तर पावाचीही गरज नाही. आपल्या कडक भाकरीचा तुकडा यासाठी उत्तम. पण हे डिप करतानाही पुष्कळदा तेल सुटते, आणि येथे मात्र तेल सुटले की पदार्थ बिघडला! वर पिवळसर तेलाचा तवंग, खाली पातळ पाणी आणि मध्ये रबरासारखा चिवट गोळा, अशी भांड्यातील अवस्था होते. तिकडे पाहुणे दारात आलेले असतात.

तेव्हा प्रश्न असा की चीजला तेल का सुटते, आणि ते सुटू नये म्हणून काय करावे? याचे उत्तर बऱ्याच अंशी आपल्या रोजच्या कढीत दडलेले आहे. पण त्यासाठी आधी दुधाकडे वळले पाहिजे.

दुधातील तीन सोबती

दूध दिसायला एकजीव द्रव दिसते. प्रत्यक्षात त्यात पाणी, स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने असे तीन प्रमुख सोबती एकत्र नांदत असतात. गाईच्या दुधात साधारण ४ टक्के आणि म्हशीच्या दुधात साधारण ७ टक्के स्निग्धांश असतो. तो अतिशय बारीक गोलकांच्या रूपात पाण्यात पसरलेला असतो. एका द्रवाचे सूक्ष्म थेंब दुसऱ्या द्रवात असे तरंगत राहिले की त्या मिश्रणाला 'पायस' म्हणतात.

तेल आणि पाणी यांचे एरवी पटत नाही. मग दुधात ते एकत्र कसे राहतात? प्रत्येक गोलकाभोवती एक पातळ पापुद्रा असतो. तो गोलकांना एकमेकांत मिसळू देत नाही.

तिसरा सोबती म्हणजे प्रथिने. त्यांतील मुख्य प्रथिनाचे नाव केसीन. केसीनचे हजारो रेणू एकत्र येऊन त्यांचे सूक्ष्म पुंजके बनतात. असा पुंजका सरासरीने मिलिमीटरच्या सुमारे सात हजाराव्या भागाइतका असतो. गोधडीचे थर जसे टाक्यांनी एकत्र धरलेले असतात, तसे हे पुंजके कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या 'टाक्यांनी' धरलेले असतात. हे कॅल्शियमचे टाके लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीचे नायक तेच आहेत.

पनीर आणि चीज

दुधापासून पनीरही होते आणि चीजही होते. पनीरचा तुकडा तव्यावर ठेवला तर तो तांबूस होतो, पण वितळत नाही. चीजचा तुकडा मात्र वितळून पसरतो. असे का?

पनीर करताना आपण गरम दुधात लिंबाचा रस घालतो. आम्लामुळे कॅल्शियम फॉस्फेट विरघळून जाते, म्हणजेच टाके उसवतात. त्याच वेळी आम्लामुळे केसीनच्या पुंजक्यांवरील विद्युत्‌भारही नाहीसा होतो. पूर्वी हा भार पुंजक्यांना एकमेकांपासून दूर ठेवीत असे. आता ते थेट एकमेकांना घट्ट चिकटतात. दुधातील इतर प्रथिनेही उष्णतेने उलगडून त्यांत गुंततात. अशी घट्ट वीण पुन्हा तापवली तरी सैल होत नाही. उलट आणखी आवळते आणि आतले पाणी बाहेर टाकते.

नेहमीचे चीज करताना मुख्य काम 'रेनेट' नावाचे विकर करते. पूर्वी ते वासरांच्या जठरातून मिळवीत. आता सूक्ष्मजीवांपासून मिळवलेली तशी विकरेही सर्रास वापरली जातात. हे विकर केसीनच्या पुंजक्यावरची बाहेरची 'झालर' कापून टाकते, त्यामुळे पुंजके एकमेकांना बिलगतात. यात कॅल्शियमचे बरेच टाके शाबूत राहतात. चीज तापवले की प्रथम त्यातील स्निग्धांश वितळतो. हे काम ४० अंश सेल्सियसपर्यंत पुरे होते. पुढे साधारण ६० अंशांच्या आसपास प्रथिनांची पकड ढिली पडते आणि सगळे जाळेच वाहू लागते. यालाच आपण 'चीज वितळले' असे म्हणतो.

तेल सुटते ते केव्हा?

वितळणे येथवर ठीक. पण आच मोठीच ठेवली तर प्रथिने पुन्हा जवळ येऊ लागतात. टाक्यांनी बांधलेले जाळे आक्रसते. ओला टॉवेल पिळल्यावर पाणी गळावे, तसे या आक्रसणाऱ्या जाळ्यातून पाणी आणि वितळलेले तूप बाहेर पडते. तुपाची घनता पाण्याहून कमी, म्हणून ते वर येते. तोच हा तवंग.

शेंगाचटणीतही तत्त्व तेच आहे. दाण्याच्या पेशींत साठवलेले तेल कुटण्याने पेशी फुटून मोकळे होते. तेथे ते मोकळे व्हावे अशी आपली इच्छा असते, येथे ते बांधलेले राहावे अशी असते. फरक एवढाच!

मिठाची किमया

स्वित्झर्लंडमध्ये वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खाण्याची जुनी रीत आहे. त्या पदार्थाला 'फाँड्यू' म्हणतात. त्याच देशात थून या गावी १९११ साली वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी चीज वितळवताना त्यात सोडियम सायट्रेट नावाचा क्षार मिसळून पाहिला. त्यामुळे चीज फाटले नाही, गुळगुळीत वितळले आणि थंड झाल्यावर टिकाऊही निघाले. अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांना १९१६ साली याच प्रकारच्या चीजसाठी एकस्व मिळाले. आज आपल्या दुकानात वड्यांच्या किंवा चकत्यांच्या रूपात मिळणारे 'प्रोसेस्ड चीज' ते हेच.

या क्षाराने नेमके काय केले? सायट्रेटला कॅल्शियमची फार ओढ असते. ते केसीनच्या जाळ्यातील कॅल्शियम काढून स्वतःकडे धरून ठेवते आणि त्याच्या जागी सोडियम देते. कॅल्शियमला दोन हात आहेत असे समजा. दोन हातांनी तो दोन प्रथिनांना जोडू शकतो. सोडियमला एकच हात, त्यामुळे त्याला टाका घालता येत नाही. टाके गेले की केसीन मोकळे होऊन पाण्यात पसरते आणि तुपाच्या थेंबांभोवती पापुद्रा बनून बसते. म्हणजे जे प्रथिन आवळून तेल बाहेर काढीत होते, तेच आता तेलाला सांभाळते.

याच गुणाचा एक मोठा उपयोग तुम्हांला ठाऊक असायला हवा. रक्त गोठण्यासाठीही कॅल्शियमची गरज असते. १९१४ साली बेल्जियममध्ये आल्बर्ट हस्टिन आणि अर्जेंटिनात लुईस आगोते यांनी रक्तात सोडियम सायट्रेट मिसळून ते न गोठता दुसऱ्याला देता येते, हे दाखवून दिले. आजही रक्तपेढीतील पिशवीत सायट्रेट असते. चीजच्या वडीत आणि रक्ताच्या पिशवीत एकच रसायन, एकच काम करीत असते: कॅल्शियमला पकडून ठेवणे!

कढीतले बेसन

आता आपल्या घरी येऊ. ताक नुसतेच उकळले तर ते फुटते. चोथा खाली आणि पाणी वर. ताक आंबट असल्याने त्यातील केसीन एकमेकांना चिकटायला टपलेलेच असते, उष्णतेने ते काम पुरे होते. पण ताकाला बेसन लावले, मंद आचेवर ठेवले आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहिले, तर कढी फुटत नाही. ज्वारीचे पीठ ताकात कालवून शिजवलेली आंबीलही फुटत नाही.

याचे श्रेय पिठातील पिष्टाला आहे. पिष्टाचे कण थंड पाण्यात तसेच राहतात. तापवल्यावर मात्र ते पाणी शोषून फुगतात. गव्हाच्या पिष्टाचे कण साधारण ६० अंशांच्या आसपास, तर ज्वारीचे ७० अंशांच्या आसपास फुगू लागतात. पिठाची विरी गेली असेल तर भाकरीसाठी ते आधणाच्या पाण्यात मळतात, तेव्हा याच गुणाचा फायदा घेतला जातो. फुगलेले कण आणि त्यांतून निघालेले लांबट रेणू द्रवाला दाटपणा आणतात. गर्दीच्या रस्त्यात दोन मित्रांना एकमेकांपर्यंत पोहोचणे जसे कठीण, तसे या गर्दीत प्रथिनांना एकत्र येणे कठीण होते. तुपाच्या थेंबांनाही सहज वर जाता येत नाही. डिपमध्ये पीठ घालायचे ते याच कारणासाठी. कढीची रीत रसायनशास्त्राची पुस्तके येण्याच्या कितीतरी आधीपासून घरोघर चालत आलेली आहे.

आता डिप करू

आठ-दहा जणांसाठी दोन मोठे चमचे लोणी, दोन मोठे चमचे मैदा किंवा कणीक, ४०० मिलिलिटर दूध, १५० ग्रॅम किसलेले प्रोसेस्ड चीज, पालकाची एक जुडी, वाटीभर उकडलेले मक्याचे दाणे, थोडा लसूण, मिरी आणि मीठ घ्या. शेगडीजवळचे काम मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करायचे.

पालकात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. म्हणून तो आधी वाफवून, घट्ट पिळून मग चिरा. हे पाणी डिपमध्ये गेले तर मघाची सारी दाटी पातळ होईल.

लोणी वितळवून त्यात लसूण आणि नंतर पीठ मंद आचेवर परता. पिठाच्या प्रत्येक कणाला लोण्याचा लेप बसतो, त्यामुळे दूध घातल्यावर गुठळ्या होत नाहीत. मग दूध थोडे थोडे घालीत ढवळा आणि एक उकळी येऊ द्या. पीठ पुरते फुगून मिश्रण दाट झाले की पालक, मका, मिरी आणि मीठ घाला. चीजमध्ये मुळातच मीठ असते, तेव्हा हात आखडता ठेवा.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. भांडे शेगडीवरून खाली उतरवा, दोन-तीन मिनिटे थांबा आणि मगच चीज घालून हलक्या हाताने ढवळा. मिश्रणात असलेली उष्णता चीज वितळायला पुरेशी असते, आणि प्रथिने आवळतील इतकी ती आता उरलेली नसते. उकळत्या मिश्रणात चीज टाकले की तेल सुटण्याची वाट मोकळी झालीच म्हणून समजा.

चटका आतून का बसतो?

पातळ चहा आणि दाट डिप सारख्याच तापमानाला कपात ओतले तर डिप अधिक वेळ गरम राहते. चहात गरम द्रव वर येतो, थंड द्रव खाली जातो. या अभिसरणामुळे आतली उष्णता सतत पृष्ठभागाकडे येत राहते. दाट मिश्रणात अभिसरण जवळजवळ थांबते आणि उष्णतेला वहनाच्या मंद मार्गाने बाहेर यावे लागते. शिवाय पृष्ठभागावर साय धरते, त्यामुळे बाष्पीभवनही कमी होते. म्हणूनच वरून निवलेले दिसणारे डिप आतून जीभ भाजते. लहान मुलांना देताना आधी ढवळून मग द्यावे.

पाहुण्यांना उशीर असेल तर झाकलेल्या भांड्याभोवती एखादी सोलापुरी चादर गुंडाळून ठेवा. सुताच्या जाड विणीत हवा अडकून राहते, आणि स्थिर हवेची उष्णतावाहकता पाण्याच्या साधारण पंचविसाव्या हिश्श्याइतकीच असते. मात्र दुधाचा पदार्थ कोमट अवस्थेत तासन्‌तास ठेवणे धोक्याचे. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतूंची वाढ झपाट्याने होते. दोन तासांच्या आत तो संपवावा किंवा शीतकपाटात ठेवावा. उन्हाळ्यात तर एक तासच पुष्कळ झाला.

करून पहा

१. दोन मोठे चमचे लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा चिमूट चिमूट घाला. कार्बन डायॉक्साइडचा फेस येईल. फेस यायचा थांबला की थांबा. वाटीत राहिले ते मुख्यतः सोडियम सायट्रेटचे द्रावण.

२. पिझ्झासाठी मिळणारे साधे, प्रोसेस न केलेले चीज किसून दोन लहान वाट्यांत सारखे घ्या. एकीत दोन चमचे साधे पाणी, दुसरीत दोन चमचे हे द्रावण घाला. दोन्ही वाट्या गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून ढवळा. तार कोणत्या वाटीत येते? पाणी कोणत्या वाटीत वेगळे राहते?

३. तिसऱ्या वाटीत पनीरचा कीस घेऊन त्यात हेच द्रावण घाला. काय होईल, याचा अंदाज आधी वहीत लिहा आणि मग प्रयोग करा. पनीरमधले कॅल्शियमचे टाके आधीच उसवलेले आहेत, हे मात्र विसरू नका.