कुसळ काढावं, डोळा राखावा

लेखमाला : मंडळीतलं जगणं (लेखांक ७)

मागच्या आठवड्यात आपण क्षमेबद्दल बोललो. त्यातूनच पुढचा प्रश्न उभा राहतो. क्षमा करायची, तर चुकलेल्या बांधवाला ‘तू चुकलास’ असं म्हणायचंच नाही का? दुसऱ्याचे दोष काढू नका, असं प्रभूनेच शिकवलं आहे ना?

मत्तयाच्या सातव्या अध्यायातली ही शिकवण आपल्याला पाठ असते, पण अर्धीच. मुसळ आणि कुसळाचा दाखला पुढेही जातो. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाचं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असा त्याचा शेवट आहे. कुसळ तसंच राहू दे, असं येशू म्हणत नाही. बाजरीच्या खळ्यावर ज्याच्या डोळ्यात कुसळ गेलंय, त्याला हे समजावून सांगायला नको. ते काढायला दुसऱ्याचाच हात लागतो. जवळ बसून, पापणी अलगद धरून, पदराच्या ओल्या टोकानं ते टिपावं लागतं. लांबून ओरडून कुसळ निघत नाही.

मग बोलायचं कशावर आणि गप्प राहायचं कशावर? पौलाच्या पत्रांत ही वाटणी स्पष्ट आहे. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात खाण्यापिण्याचे आणि सणावारांचे वाद आहेत. तिथे तो बजावतो की ज्याचा त्याचा विवेक प्रभूपुढे जबाबदार आहे. तुम्ही मध्ये पडू नका. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मात्र तो कडक होतो. एकाने बापाच्या बायकोला ठेवलं होतं आणि मंडळी ते चालवून घेत होती. बाहेरच्यांचा न्याय देव करील, आतल्यांचा तुम्ही करा, असं तो सांगतो. त्याने खमिराचा दाखला दिला. आमच्या पिशोरच्या शिवारात त्याने अद्रकीच्या कंदकुजीचा दिला असता. एका कंदाची सड वेळीच पाहिली नाही, तर वाफाच्या वाफा जातो. पण जाणता शेतकरी नुसता सडका कंद उपटून थांबत नाही. पाणी कुठे तुंबलंय, तेही बघतो.

बोलायच्या आणि गप्प राहायच्या गोष्टींची गल्लत झाली की काय होतं, ते पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसतं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरही त्या शाकाहारीच राहिल्या; अंडं घातलेलं पुडिंगही त्यांना चालत नसे. त्यांना विश्वासात वाढवणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जातीचा अभिमान उरलेला दिसला. रमाबाईंनी तो आरोप टाळला नाही. हवा तर माझ्या ताटात माझा गर्व शोधा, पण पूर्वजांच्या चालीरीती शक्य तितक्या पाळणं मला आवडतं, अशा अर्थाचं सडेतोड उत्तर त्यांनी १८८५ मध्ये लिहिलं. त्रैक्याच्या सिद्धांतावरूनही दोघींचे खटके उडाले. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये पुस्तकरूपाने छापला गेला.

ताटावरून बाईंचा न्याय करण्यात सिस्टरांची चूक झाली, असं मला ठामपणे वाटतं. ते रोमकरांच्या चौदाव्या अध्यायातलं प्रकरण होतं. पण त्यांची एक गोष्ट आपण शिकण्यासारखी आहे. जे बोलायचं ते त्यांनी रमाबाईंनाही थेट लिहिलं. म्हणून रमाबाईंना उत्तर देता आलं, आणि नातंही टिकलं. ज्यांच्याशी एवढं भांडण, त्यांना रमाबाई आणि त्यांची लेक ‘आजीबाई’ म्हणत.

आता आपल्या मंडळीकडे पाहू. लग्नात नवरीला हळद लागली, संक्रांतीला कुणी शेजारणीकडून तिळगूळ घेतला, की उपासना सुटल्यावर दारातच कुजबुज सुरू होते. त्याच लग्नात हुंडा घेतला गेला, सोयरीक जुळवताना जुनी जात विचारली गेली, तर सगळे पंगतीला बसून जेवून येतात. हळदीने कुणाचं घर बुडत नाही. हुंड्यासाठी मुलीच्या बापाचं शेत विकलं जातं. बोलायचं तिथे आपली जीभ उचलत नाही, हेच आपलं मुसळ आहे.

बोलायचं कसं, तेही मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. आधी एकट्याने त्याच्याकडे जायचं. ऐकलं नाही तर दोघा-तिघांनी. त्यानंतर मंडळीपुढे. आपण नेमकं उलटं करतो: आधी गावभर होतं आणि ज्याच्याबद्दल बोललो त्याला शेवटी कळतं. आणि पश्चात्ताप झाला की माणसाला परत जवळ घ्यायचं. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल शिक्षा झालेल्या माणसाबद्दल हेच विनवतो, की दुःखाने तो खचून जाऊ नये.

या आठवड्यात कुणाबद्दल बोलण्याचा मोह झाला, तर आधी त्याच्या घरी जा. चहा घ्या, पोराबाळांची चौकशी करा, मग विषय काढा. त्याच्यासमोर बसून जे बोलवत नाही, ते त्याच्या पाठीमागेही बोलू नये.

(पुढच्या आठवड्यात : चूक खुद्द पाळकांचीच असेल तर?)