गरम होतं तेवढंच खाल्लं

आमच्या पाच जणांच्या जुन्या गटातल्या एकाला त्याच्या आईने दीड वर्षापूर्वी किडनी दिली. तेव्हापासून त्याने बाहेरचा एक घासही खाल्ला नव्हता. कॉलेजात असताना तळणाच्या वासावरून गाडी ओळखणारा हा माणूस! दिवाळीनंतरच्या तपासणीत सगळे आकडे चांगले आले, तेव्हा त्याने डॉक्टरांनाच विचारलं, ‘‘मित्रांबरोबर एक दिवस गाड्यांवर खाऊ का?’’ डॉक्टरांनी थोडा विचार करून सूट दिली. समोर तळलेलं, उकळतं, वाफाळतं चालेल. कच्चं काही नाही, पाणी घरचं. ही सूट त्याची तब्येत आणि त्याचे रिपोर्ट पाहून त्याच्यापुरती दिलेली होती. प्रत्यारोपण झालेल्या दुसऱ्या कुणी ती आपल्याला लागू करून घेऊ नये.

बदललेली किडनी शरीराने परकी समजून नाकारू नये, म्हणून त्याला रोज प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. त्यामुळे जे जंतू आपल्याला दोन दिवस संडासच्या वाऱ्या करायला लावतात, ते त्याला थेट रुग्णालयात पोचवू शकतात. जुलाबांनी शरीरातलं पाणी कमी झालं की पहिला ताण किडनीवर येतो आणि औषधाची रक्तातली पातळीही बिघडते. रविवारी सकाळी आम्ही पुण्याच्या मंडईत जमलो तेव्हा त्याच्या खांद्याला दोन लिटर पाण्याची बाटली होती आणि आमच्या पोटात जरा गोळाच होता.

सुरुवात भट्टीवरच्या शेंगांनी झाली. तापलेल्या वाळूत भाजलेल्या, वरून टरफलाचं वेष्टण, सोलायचं आपल्याच हातांनी. रस्त्यावर यापेक्षा बिनधोक खाणं सापडणं कठीण. अपवाद एकच. बुरशी लागलेल्या दाण्यातलं अफलाटॉक्सिन भाजून जात नाही, म्हणून सुरकुतलेला, कडवट दाणा थुंकून टाकायचा. पुढे फळवाल्याकडे पपनसाचा ढीग होता. आमच्यातल्या एकीने सोललेली फोड त्याच्यापुढे केली, तसा तो दोन पावलं मागे सरला. ग्रेपफ्रूट आणि त्याच्या गोतावळ्यातलं पपनस यांतली काही रसायनं आतड्यातल्या एका विकराला अडवतात. ते विकर एरवी त्याचं औषध मोडण्याचं काम करतं. ते थांबलं की तीच गोळी रक्तात जास्त चढते. फळ कितीही स्वच्छ धुतलं तरी यात फरक पडत नाही.

मग वडापाव. तेलाचं तापमान १७०-१८० अंश असतं, त्यात कुठला जंतू टिकणार, असं आपण म्हणतो. ते वरच्या आवरणापुरतं खरं आहे. आतल्या बटाट्याच्या भाजीत भरपूर पाणी असतं, त्यामुळे ती १०० अंशांच्या वर जात नाही, आणि तीन-चार मिनिटांत तिथवरही पोचेलच असं नाही. म्हणून भाजी कधी केली आणि कशी ठेवली, याला महत्त्व. साधारण ५ ते ६० अंशांच्या मधे बहुतेक जंतूंची चंगळ असते. परिस्थिती मानवली तर काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. त्या वेगाने एकाचे सहा तासांत अडीच लाखांवर जातात. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते ते याचसाठी.

‘‘मावशी, भाजी कधीची?’’ त्याने विचारलं.

‘‘आत्ता तासाभरापूर्वीची. का रे बाळा, वास येतोय का?’’

त्याने घाईघाईने कान पकडले आणि ताज्या घाण्याची वाट बघितली. वडा मोडला, आतून वाफ आली, तेव्हाच पहिला घास घेतला. बरोबर लसणाची सुकी चटणी. कोरड्या चटणीत जंतूंना वाढायला पाणीच मिळत नाही. हिरवी चटणी मात्र कच्च्या कोथिंबिरीची, मिक्सरमधून फिरलेली आणि सकाळपासून उघड्यावर. आपण दोष तेलाला देतो आणि ती चटणी दोनदा मागून घेतो. तेल निर्दोष असतं असं नाही. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांवर आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. काळं पडलेलं, फेसाळणारं, धूर सोडणारं तेल दिसलं तर पुढची गाडी बघावी. पण ते नुकसान वर्षानुवर्षांच्या खाण्यातून होतं, चटणीचं आजच्या आज. वडा त्याने घरून आणलेल्या स्टीलच्या डब्यात घेतला. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका, असंही प्राधिकरणाने २०२३ मध्ये बजावलं आहे, कारण शाईतली रसायनं गरम, तेलकट पदार्थात उतरतात. तुमच्या हातातलं हे पानही त्याला अपवाद नाही.

पाणीपुरीपाशी आमची खरी पंचाईत झाली. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला, तेव्हा पुण्यातल्या कित्येक घरांनी पाणीपुरी बंद केली होती. आमच्याही. चिंचेच्या पाण्यात आंबटपणामुळे जंतू मरतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. आंबट पाण्यात बऱ्याच जिवाणूंची वाढ थांबते, पण जे आधीच पाण्यातून आले ते सगळे मरत नाहीत आणि नोरोव्हायरसला किंवा हिपॅटायटिस ‘अ’च्या विषाणूला आंबटाचं फारसं काही वाटत नाही. शिवाय ज्या हाताने पुरी फोडायची, त्याच हाताने ती मडक्यात बुडवायची.

‘‘अरे, तुम्ही खा की. मी बघून समाधान मानतो,’’ तो म्हणाला. तव्यावर रगडा रटरटत होता, त्यातलं पॅटिस त्याने मागितलं. चटण्या नको, कांदा नको, कोथिंबीर नको, शेव नको. भैयाने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आम्हालाच वाईट वाटलं. पण तो डोळे मिटून खात होता. आम्ही चौघांनी पाणीपुरी खाल्ली. मीही खाल्ली, तीसुद्धा जास्तीच्या तिखट पाण्यासकट.

संध्याकाळी एका फूड ट्रककडे वळलो. दिव्यांच्या माळा, खडूने लिहिलेला मेन्यू, हातमोजे घातलेली मुलं. गाडीपेक्षा ट्रक स्वच्छ, असं आपलं मन लगेच ठरवून टाकतं. पण ट्रकमधलं पाणी टाकीतलं, म्हणजे मोजकंच, आणि ज्या मोज्यांनी पैसे घेतले त्यांनीच बन उचलला, तर मोजे असून नसल्यासारखे. फ्राइड राइसचा भात आधीच शिजवून मोठ्या डब्यात ठेवलेला होता. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजला तरी जिवंत राहतात. भात कोमट राहिला की ते रुजतात, आणि त्यातून तयार होणारं उलटीचं विष नंतर कढईत कितीही परतलं तरी जात नाही. ‘‘मग ज्वाळांवरचं ते परतणं नुसता देखावा?’’ त्याने विचारलं. भात किती वेळ कोमट राहिला, ते जाळाला कळत नाही, एवढंच मी म्हणालो. त्याने भात सोडला आणि उकळतं सूप घेतलं.

गोळ्याच्या गाडीवरून आम्ही पुढेच सरकलो. गोठल्याने जंतू मरत नाहीत, ते थांबून राहतात. महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फाला निळसर रंग देणं २०१८ पासून बंधनकारक आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. मात्र बर्फ पांढरा आहे एवढ्यावरून त्याचं पाणी चांगलं होतं, असं समजू नये. दिवसाचा शेवट चहाने झाला. दुधासकट खळखळून उकळलेला, डोळ्यांसमोर गाळलेला. त्या चहाला त्याने तीनदा दाद दिली.

सोमवारी रात्री मी आडवा झालो. उलट्या, जुलाब, अंगात कणकण. पाणीपुरीच बाधली, असं घरच्यांनी एकमताने जाहीर केलं. मला तेवढी खात्री देता येईना. स्टॅफिलोकोकसचं विष पोटात गेलं तर त्रास काही तासांतच सुरू होतो. नोरोव्हायरसला १२ ते ४८ तास लागतात, कॅम्पिलोबॅक्टरला बहुधा दोन ते पाच दिवस, टायफॉइडला आठवडा-दोन आठवडे, आणि हिपॅटायटिस ‘अ’ तर महिन्याभराने उगवू शकतो. शनिवारी मी लग्नात जेवलो होतो आणि सोमवारी सकाळी घरचीच आदल्या दिवशीची खोबऱ्याची चटणी खाल्ली होती. शेवटचा बाहेरचा पदार्थ आठवतो आणि त्या गाडीवाल्याचं नाव खराब होतं.

मंगळवारी सकाळी त्याचाच फोन. ‘‘लघवी होतेय ना? ताप? रक्त वगैरे?’’ दीड वर्षात तो अर्धा डॉक्टर झाला आहे. ‘‘लिंबू सरबतावर भागवू नकोस, ओआरएस घे.’’ पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, हेही त्याने पाठ म्हणून दाखवलं. लघवी कमी झाली, शौचातून रक्त पडलं, ताप चढला किंवा दोन दिवसांत उतार पडला नाही, तर मुकाट्याने डॉक्टरकडे जायचं, अशी तंबीही दिली. मी बुधवारी उठून बसलो. त्याला काहीच झालं नव्हतं.

महिन्याभराने त्याची नेहमीची तपासणी झाली. क्रिएटिनिन होतं तिथेच आहे. त्याच संध्याकाळी त्याने ग्रुपवर एका मिसळीच्या ठिकाणाचा पत्ता टाकला. रस्सा चुलीवर उकळत असतो म्हणे, आणि ते तो आधी एकटा जाऊन पाहून आला आहे. कांदा-लिंबाची वाटी कोणाकडे सरकवायची, यावर सध्या ग्रुपवर वाद चालू आहे.