जपानी वैद्य आणि डच ग्रंथ

जपानी व पाश्चात्य लोकांची पहिली भेट सन १५४३ मध्यें झाली. त्या वर्षीं कांहीं पोर्तुगीज तानेगाशिमा बेटास लागले. पुढें सुमारें शंभर वर्षांत जपानच्या राज्यकर्त्यांनीं देशाचीं द्वारें मिटून घेतलीं. १६४१ पासून युरोपीयांपैकीं केवळ डच व्यापाऱ्यांस, तेंहि नागासाकी बंदरांतील देजिमा या लहानशा कृत्रिम बेटावर, राहण्याची मुभा उरली. परंतु मालाबरोबर तेथें ग्रंथहि उतरत.

१७७१ सालीं असा एक ग्रंथ एदो, म्हणजे आजचें टोकियो, येथील वैद्य सुगिता गेंपाकु यांच्या हातीं आला. कुल्मुस नामक जर्मन वैद्याच्या शारीरशास्त्रावरील पुस्तकाचें तें डच भाषांतर होतें. सुगितांस त्यांतील एक अक्षरहि वाचतां येईना. पण त्यांतील चित्रें त्यांनीं शिकलेल्या चिनी वैद्यकाशीं जुळत नव्हतीं. मग खरें कोणतें मानावें?

त्याच वर्षीं कोझुकाप्पारा येथील वधस्थानीं, देहान्त शिक्षा झालेल्या एका स्त्रीच्या शवाचें विच्छेदन पाहण्याची संधि त्यांस मिळाली. त्यांचे स्नेही माएनो ऱ्योताकु तेथें आले, तों त्यांच्याहि हातीं तोच ग्रंथ! शव उघडणारा मनुष्य नव्वद वर्षांचा असून समाजानें अस्पृश्य लेखलेल्या वर्गांतील होता. त्यानें पूर्वींहि वैद्यांस शरीराचीं अंतरिंद्रियें दाखविलीं होतीं. पण कोणीं कधीं शंका विचारली नव्हती. या वेळीं मात्र चित्र व प्रत्यक्ष हीं ताडून पाहिलीं गेलीं, आणि चित्रेंच खरीं ठरलीं.

शरीर न जाणतांच आपण वैद्यकी करीत आलों, याची त्यांस लाज वाटली. घरीं परततांना त्यांनीं व नाकागावा जुनान यांनीं तो ग्रंथ जपानांत आणण्याचा निश्चय केला आणि दुसऱ्याच दिवशीं कामास आरंभ केला. डच-जपानी कोश त्या काळीं नव्हता. माएनोंस थोडेबहुत डच शब्द येत, तेवढेंच भांडवल. नाकाच्या वर्णनांतील एका शब्दापाशीं ते असेच अडले, ही हकीकत सुगितांनीं आपल्या आठवणींत दिली आहे. फांदी तोडलेल्या जागीं व झाडलेल्या अंगणांतील केरास तोच शब्द लावलेला त्यांना आढळला. फांदीच्या जागीं गांठ येते; केराचा ढीग होतो. तेव्हां नाक म्हणजे चेहऱ्यावरील उंचवटा! त्या एका शब्दाचा त्यांना झालेला आनंद काय वर्णावा!

१७७४ मध्यें 'काइताई शिन्शो' या नांवानें ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्ञानतंतूंसाठीं जपानी भाषेंत शब्दच नव्हता. तो त्यांनीं घडविला, व 'शिंकेई' हा शब्द जपानांत आजहि रूढ आहे.

आपलें अज्ञान कबूल करणें हें विद्वानास फार जड जातें. या वैद्यांनीं तें केलें, म्हणूनच ते पुढें शिकूं शकले, असें आम्हांस वाटतें. विद्यार्थिमित्रहो, परभाषेचा एखादा धडा अवघड वाटेल, तेव्हां अंगणांतील त्या केराच्या ढिगाची आपण अवश्य आठवण करूं या.